पुस्तकातील पक्वान्न आणि प्रमाणाचा प्रश्न

१

बालपणी वाचलेल्या आवडत्या पुस्तकातील एखादा गोड पदार्थ पुढे कधीतरी स्वतःच्या स्वयंपाकघरात करून पाहणे, ही वरवर पाहता हौसेची बाब आहे. वाङ्मयाच्या इतिहासाने दखल घ्यावी असे तिच्यात काही आहे, असे सहसा मानले जात नाही. परंतु ही कृती म्हणजे वाचनाचाच एक प्रकार आहे, आणि तोही बराच कठोर प्रकार आहे, हे ध्यानात घेतले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. कथेत ‘लाडू’ असा शब्द येतो आणि तेवढ्याने बालवाचकाचे समाधान होते. पीठ किती, तूप किती, आच किती हे कथा सांगत नाही; सांगण्याचे तिला कारणही नसते. वोल्फगांग इझर याने १९७० च्या दशकात वाचनप्रक्रियेचा जो विचार मांडला, त्यात संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरून काढतो आणि त्यातून अर्थ सिद्ध होतो, या कल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. पुस्तकातील पदार्थ करावयास बसलेल्या वाचकालाही रिकाम्या जागाच भरावयाच्या असतात. मात्र त्या कल्पनेने भरून भागत नाही. पिठाने, साखरेने आणि विस्तवाने भराव्या लागतात. येथे चुकलेले वाचन करपते किंवा कच्चे राहते, आणि ते कोणालाही कळते.

साहित्य आणि चव यांच्या संबंधाची चर्चा बहुधा उलट दिशेने होत आली आहे. मार्सेल प्रूस्तच्या महाकादंबरीच्या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात चहात भिजलेल्या मादलेनच्या चवीतून बालपण जागे होते. तेथे प्रवास पदार्थाकडून संहितेकडे आहे. आपल्याकडील काव्यशास्त्रातही दिशा तीच आहे. रसाची कल्पना समजावून देताना भरताने नाना व्यंजनांच्या संयोगातून सिद्ध होणाऱ्या चवीचा दृष्टान्त घेतला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपाकाचे प्रकार सांगताना द्राक्ष, आंबा, नारळ यांसारख्या फळांच्या नावांचा आधार घेतला. स्वयंपाकघराने काव्यविचाराला उपमाने पुरविली. काव्याने किंवा कथेने स्वयंपाकघरात काय घडवून आणले, हा प्रश्न मात्र बाजूला राहिला.

मराठीत या प्रश्नाला भाषेनेच एक वाट करून ठेवली आहे. पाककृती लिहिताना आपण ‘साहित्य’, ‘प्रमाण’ आणि ‘कृती’ असे तीन शब्द वापरतो. यांपैकी पहिला आणि तिसरा हे दोन्ही शब्द समीक्षेचे रोजचे शब्द आहेत. कथेपाशी साहित्य असते, कथा स्वतः एक कृती असते. तिच्यापाशी नसते ते प्रमाण. आणि ‘प्रमाण’ हा शब्द तर मराठीत तिहेरी काम करतो. तो माप सांगतो, तो पुरावा सांगतो, आणि ‘प्रमाणभाषा’ या शब्दात तो मान्यतेचा निकष सांगतो. कथेतील पक्वान्नाला प्रमाण कोणी दिले, ते कोणत्या घरातले होते आणि कोणाच्या घराला ते परवडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा परिसर निवडण्याचे कारण असे की, गोड पदार्थाचा शब्द, त्याचे माप, त्याची साखर आणि त्याची अनुपस्थिती, या चारही गोष्टींचा लेखी इतिहास येथे थोड्या अंतरात एकत्र सापडतो.

२

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे बऱ्याच अंशी जुन्या सातारा जिल्ह्यातून आणि त्याला लागून असलेल्या औंध, सांगली, मिरज, जत, फलटण आदी संस्थानांतून आकाराला आले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाविषयी बोलताना या दोन जिल्ह्यांकडे एकच सांस्कृतिक पट्टा म्हणून पाहणे योग्य ठरते.

या पट्ट्यात भट्टीचा आणि चुलीचा इतिहास एकमेकांपासून वेगळा चालत आला. १८२८ साली महाबळेश्वर येथे इंग्रजांचे थंड हवेचे ठाणे वसले. पुढे पाचगणी वसली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळा निघाल्या. युरोपीय वस्तीबरोबर पाव, बिस्किटे आणि केक भाजणारी भट्टी डोंगरावर आली, आणि ज्या गोष्टींच्या पुस्तकांत केक हा घरगुती पदार्थ असतो ती पुस्तकेही आली. पसरणीचा घाट उतरला की वाई लागते. तेथे प्राज्ञ पाठशाळेची विद्यापरंपरा उभी राहिली आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम चालले. वाईत पक्वान्न नव्हते असे नाही. पण ते नैवेद्याचे, सणाचे आणि जत्रेचे पक्वान्न होते, आणि ते चुलीवर तळून, उकडून किंवा आटवून होत असे. एका घाटाच्या दोन टोकांना बालपणीच्या गोडाच्या दोन भिन्न व्याख्या नांदत होत्या, आणि त्यांच्यामध्ये भाषांतर फारसे घडत नव्हते.

साताऱ्याचा कंदी पेढा हा या संदर्भात उल्लेखनीय आहे. साध्या पेढ्याहून त्याचे वेगळेपण खवा खरपूस भाजण्यात आहे. लेव्ही-स्त्रोस याने १९६० च्या दशकात भाजणे आणि उकळणे यांतील भेदाला सांस्कृतिक अर्थ दिला. भाजण्यात विस्तवाशी थेट संबंध येतो, उकळण्यात भांडे आणि पाणी मध्यस्थी करतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या भाषेत बोलावयाचे तर कंदी पेढ्यात खव्याला लागलेली तांबूस भाजणी ही भट्टीविना मिळालेली भट्टीची चव आहे. परंतु हा पेढा हलवायाचा. तो घरी करून पाहण्याचा पदार्थ नव्हे. तो आणावयाचा आणि वाटावयाचा पदार्थ आहे.

घाटाखालच्या या जगात छापील शब्दाचे आणि यंत्राचे नवे केंद्र उभे राहिले ते कृष्णाकाठच्या मुलखात. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल गावाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर करणाऱ्या या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर’ मासिकाचा आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिकाचा उदय झाला. शेतीची अवजारे, वैचारिक निबंध, कथा आणि गृहिणीचे जग ही सारी एकाच छापखान्याच्या आवारात आली. ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर यांचे नावही याच किर्लोस्करवाडीशी निगडित आहे. मराठी मध्यमवर्गीय बालपणाची एक प्रतिमा आणि मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघराची एक प्रतिमा यांना वळण देणारी माणसे अशा रीतीने शेजारी होती.

३

मराठी बालवाङ्मयाने आपली ओळखच खाण्याच्या भाषेत करून दिली. १८७० च्या दशकात अमेरिकन मिशनने मुलांसाठी काढलेल्या मासिकाचे नाव ‘बालबोधमेवा’ असे होते. वाचन हा मेवा आहे, ही कल्पना तेथपासून रूढ झाली. रूपक म्हणून ती सोयीची होती, कारण त्यात उपदेशाच्या कडू गोळीला गोड वेष्टण देण्याची सोय होती. पण त्यामुळे एक गोष्ट घडली: पुस्तकच खाऊ ठरल्यावर पुस्तकातील खाऊ हा केवळ अलंकार झाला. रोलां बार्थने १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये फ्रेंच महिला मासिकातील पाकचित्रांविषयी जे म्हटले, ते येथे वेगळ्या कारणाने लागू पडते. ती पक्वान्ने मुख्यतः डोळ्यांनी खाण्यासाठी होती. आपली बालवाङ्मयातील पक्वान्ने कानांनी खाण्यासाठी होती.

याचे सर्वांत परिचित उदाहरण ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या गाण्यात मिळते. माडगूळकरांचा जन्म १९१९ साली शेटफळे येथला. बालपणाचा आणि शिक्षणाचा काळ कुंडल आणि औंध या परिसरात गेला. मामाच्या गावाला जाण्याचे हे गाणे त्यांनी चित्रपटासाठी लिहिले आणि १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी ते गायिले. चित्रपट मागे पडला आणि गाणे बालवाङ्मय म्हणून उरले. या गाण्यात मामाच्या बायकोचे सुगरणपण पोळी-शिकरणीने सिद्ध होते आणि त्याला गुलाबजामाची जोड मिळते. मोठ्या माणसाला यात गंमत दिसते, कारण शिकरणीला सुगरण लागत नाही. केळे, दूध आणि साखर एवढेच तिचे साहित्य. विस्तव नाही, पाक नाही, तळणे नाही. मुलाला मात्र यात विसंगती दिसत नाही. त्याच्या दृष्टीने जो पदार्थ रोज मिळू शकतो तोच श्रेष्ठ. शिवाय मराठी बालगीतांतील प्रसिद्ध गोड पदार्थांपैकी मूल कोणाच्याही मदतीवाचून स्वतः करू शकेल असा हा बहुधा एकमेव पदार्थ आहे. प्रमाण नसले तरी तो बिघडत नाही. शेजारी ठेवलेला गुलाबजाम मात्र तसा नाही. तळणीची आच आणि पाकाची तार चुकली की तो फुटतो किंवा गोटा होतो. एकाच कडव्यात मुलाच्या हाताचा पदार्थ आणि मुलाच्या हाताबाहेरचा पदार्थ असे दोन्ही येतात.

पाक बिघडण्याची ही भीती साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तही आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकातील एका रात्रीचे शीर्षकच ‘श्रीखंडाच्या वड्या’ असे आहे. प्रदेश कोकणचा असला तरी या पुस्तकाचे वाचन साताऱ्या-सांगलीच्या शाळांतही घरच्यासारखेच झाले. आईला वड्या साधतात, आणि त्या साधणे हे पुस्तकातून येणारे ज्ञान नाही. ते हातात असते. म्हणून वड्या करावयाच्या तर त्या हाताला बोलावणे जाते. येथे पक्वान्न आहे, कौशल्य आहे, शेजारधर्म आहे. प्रमाण मात्र आईच्या देहात आहे. ज्या वाचकाला पुढे त्या वड्या करून पाहाव्याशा वाटतील, त्याला पुस्तकातून आई मिळेल, पाकाची तार मिळणार नाही.

या दोन्हींहून वेगळे उदाहरण राजा मंगळवेढेकरांच्या चॉकलेटच्या बंगल्याचे आहे. खाण्याच्या पदार्थांचे घर ही कल्पना युरोपीय बालकथेत जुनी आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत घर पावाचे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. त्या कथेवरून आल्याच्या वासाच्या जिंजरब्रेडचे घर करण्याची चाल जर्मनीत आणि इतरत्र पडली; पुस्तकातील पक्वान्न भट्टीत भाजून उभे करण्याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण तेच होय. मंगळवेढेकरांच्या गाण्यात ही कल्पना मराठीत येते तेव्हा तिच्यात दोन गोष्टी बदलतात. पहिली अशी की, बंगल्याचे सारे बांधकाम दुकानातल्या मालाचे आहे: चॉकलेट, टॉफी, लेमनच्या गोळ्या, बिस्किटे, पेपरमिंट. घरात भाजलेले, तळलेले किंवा आटवलेले असे त्यात काहीच नाही. ज्या समाजात घरोघरी भट्टी नव्हती आणि बिस्किट म्हणजे पुडा असे समीकरण बनले होते, त्या समाजाने केलेले हे अगदी प्रामाणिक भाषांतर आहे. दुसरा बदल अधिक खोल आहे. ग्रिमच्या कथेत भट्टी ही कथेच्या केंद्रस्थानी आहे, कारण चेटकिणीचा शेवट तिच्यातच होतो. आणि त्या कथेच्या मुळाशी भूक आहे, कारण घरात अन्न पुरत नाही म्हणूनच आईबाप मुलांना रानात सोडून येतात. केकचे छप्पर हे उपाशी मुलांना पडलेले स्वप्न आहे. मराठी बंगल्यात स्वप्न आले, भट्टी आली नाही आणि भूकही आली नाही.

४

कथेत नसलेले प्रमाण पाकपुस्तकाने पुरविले. पण त्यालाही काळ लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले. या पुस्तकांच्या काळाचे बाजारातले माप शेर-तोळ्यांचे होते. शेर गावोगाव बदलत असे, आणि तोळ्याचे माप सोनाराच्या तराजूतले, रोजच्या चुलीपाशी नसलेले. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी जुनी मापे व्यवहारातून जाऊ लागली. एका पिढीच्या गृहिणींना बाजारात ग्रॅम आणि हातात अंदाज अशा दुहेरी स्थितीत स्वयंपाक करावा लागला.

या स्थितीत १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ किर्लोस्कर प्रकाशनाकडून आले. कमलाबाईंचा जन्म १९१३ साली कुंडलचा; औपचारिक शिक्षण चौथीपर्यंतचे; संसार सांगलीचा. ‘एक लाख सुनांची सासू’ हे बिरुद त्यांना लाभले ते पुस्तकाच्या खपामुळे, परंतु त्या बिरुदाचा अर्थ खपापुरता नाही. सासूकडून सुनेकडे तोंडी आणि हातोहात जाणारे ज्ञान छापील पानावर आले, आणि पुस्तक हीच सासू झाली, असे त्यात अभिप्रेत आहे. या स्थित्यंतरात कमलाबाईंनी वापरलेले माप वाटी-चमच्याचे होते. वाटी हे निरपेक्ष माप नव्हे. कोणत्या घरची वाटी लहान, कोणत्या घरची मोठी. तरीही कृती चुकत नाही, कारण पीठ, तूप आणि साखर यांचे परस्परांशी असलेले नाते त्याच वाटीने मोजलेले असते. अर्थ हा एकेका चिन्हात नसून चिन्हांच्या परस्परसंबंधात असतो, हे संरचनावादाचे सूत्र येथे चौथी शिकलेल्या लेखिकेने व्यवहारात सिद्ध करून दाखविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शेर-तोळ्याने जे साधले नाही ते वाटीने साधले: प्रमाण हे बाजाराकडून घराकडे आले.

कुंडलच्या परिसरातून शिकरणीचा कवी आणि ‘रुचिरा’ची लेखिका यावीत, आणि त्यांच्या वयात अवघे सहा वर्षांचे अंतर असावे, हा योगायोग मानला तरी तो अर्थपूर्ण आहे. एकाने मुलाला पदार्थाचा शब्द दिला, दुसरीने सुनेला पदार्थाचे प्रमाण दिले. ही दोन पुस्तके घराच्या एकाच फडताळात राहिली असतील. त्यांचे वाचक मात्र वेगळे मानले गेले. मुलाने स्वयंपाक करावयाचा नाही आणि सुनेने बालगीतावरून पदार्थ बेतावयाचा नाही, ही विभागणी कोणी लिहून ठेवली नव्हती. ती पुस्तकांच्या मांडणीतच होती. बालपणीच्या पुस्तकातील पक्वान्न करून पाहणारी व्यक्ती ही विभागणी मोडते. ती एकाच वेळी मूल आणि सून, किंवा आताच्या काळात मूल आणि बाप, अशा दोन भूमिकांत वाचते.

भट्टीचा प्रश्न याच काळात वेगळ्या मार्गाने सुटत होता. नानकटाई हा मराठी घराचा भट्टीशी आलेला पहिला जिव्हाळ्याचा संबंध म्हणता येईल. घरात ती करावयाची तर पातेल्याखाली आणि झाकणावर निखारे ठेवून करावी लागे. शहरगावांत दुसरी रीत होती: मैदा, तूप आणि पिठीसाखर घरी मळून, गोळे करून, ते ट्रेमध्ये मांडून जवळच्या बेकरीत न्यावयाचे आणि तिच्या भट्टीत भाजून आणावयाचे. घरचे साहित्य, घरचे प्रमाण आणि बाहेरचा विस्तव, अशी ही तडजोड होती. पुढे प्रेशर कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक भाजण्याची युक्ती घरोघरी गेली, आणि विस्तवही घरात आला. चॉकलेटच्या बंगल्याच्या भिंती आता दुकानातल्या वड्यांच्या असण्याचे कारण उरले नाही. त्या घरी भाजता येऊ लागल्या. वाढदिवसाच्या केकला बंगल्याचा आकार देणारे घर आणि ते गाणे पाठ असलेले घर बहुधा एकच असते. मराठी बंगल्यात नसलेली भट्टी अशा रीतीने दोन पिढ्यांनंतर वाचकांनी त्यात नेऊन बसविली.

५

भट्टी आली, भूक कोठे गेली, हा प्रश्न उरतो. ग्रिमच्या कथेत गोड आणि भूक एकाच घरात राहतात. आपल्या लोककथेतही ती एकत्रच होती. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट पाहावी. म्हातारी वाळलेली आहे, वाटेत वाघ आहे. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन लठ्ठ होऊन येईन, मग मला खा, असा तिचा करार आहे. येथे चांगले अन्न हा अलंकार नाही. ती जीव वाचवण्याची मुदत आहे. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून जो मौखिक ठेवा ग्रंथबद्ध केला, त्याच्या जगातही सणाचे गोड हे माहेर, कष्ट आणि उणीव यांच्यापासून सुटे करता येत नाही. लोककथेतल्या तांबड्या भोपळ्याचे घरगुती पक्वान्न म्हणजे घारगे. त्याला साखर लागत नाही, गूळ लागतो. ऊसाच्या या मुलखात गुऱ्हाळाचा गूळ आणि काकवी ही मुलांची ओळखीची गोडी होती. पांढरी साखर हा बाजाराचा पदार्थ होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर तो शिधावाटपाचा पदार्थ झाला.

छापील बालवाङ्मयाने लोककथेतील गोड घेतले आणि भूक मागे ठेवली. ती भूक मराठी साहित्यात परत आली, पण वेगळ्या दालनात. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांना शाळेने जेमतेम एक-दोन दिवस जवळ केले. त्यांचे पहिले वाचन पुस्तकातले नव्हतेच. १९५९ च्या ‘फकिरा’त दुष्काळात उपाशी असलेल्या माणसांसाठी धान्य लुटण्याचा प्रसंग कथेचा कणा आहे. त्या कादंबरीत अन्नाचे प्रमाण वाटीने मोजले जात नाही. ते किती तोंडांना किती दिवस पुरेल यावर मोजले जाते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूप झाले. महारवाड्यातील बाळंतिणीच्या उपासाचे त्यातील चित्रण मराठी वाचकाला हादरवून गेले. याच ‘स्त्री’चा जन्म किर्लोस्करवाडीचा होता आणि याच किर्लोस्करांच्या घराने बारा वर्षांपूर्वी ‘रुचिरा’ काढले होते, हे येथे मुद्दाम ध्यानात ठेवावयास हवे. एकाच प्रकाशनपरंपरेतून सुनेच्या वाटीचे प्रमाण आले आणि ज्या घरात वाटी भरावयास काही नव्हते त्या घराची साक्षही आली. प्रमाण या शब्दाचा माप हा अर्थ पहिल्या पुस्तकात आहे. पुरावा हा अर्थ दुसऱ्यात आहे.

बेबीताईंच्या किंवा अण्णाभाऊंच्या लेखनातील अन्न कोणी हौसेने करून पाहत नाही. पुस्तकातील पदार्थ करून पाहावासा वाटणे, या इच्छेच्या मागे एक सामाजिक अट दडलेली आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. ती अट आवडीची नाही, साक्षरतेचीही नाही. ती बिघडण्याच्या मुभेची आहे. प्रमाण हाताशी नसताना एखादा पदार्थ करावयास घेणे म्हणजे एक वाटी साखर आणि दोन वाट्या मैदा वाया गेला तरी चालेल असे ठरवणे होय. ज्या घरात हे ठरवता येते, त्याच घरातील मुलाला पुस्तकातील पक्वान्न हे आमंत्रण वाटते. इतरांना ते चित्र वाटते, किंवा आपल्यासाठी नसलेल्या जगाची खूण वाटते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे कृष्णाकाठी इतरही उभे राहिले, आणि साखर या भागाची ओळख बनली. तासगावच्या बेदाण्यानेही नाव कमावले. केकला लागणारी साखर आणि केकवर पसरावयाचा बेदाणा असे दोन्ही पिकवणारा हा मुलूख. परंतु दर हंगामात मराठवाड्यातून फडात येणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुले या साखरेच्या सर्वांत जवळ असतात आणि गोष्टीच्या पुस्तकापासून सर्वांत दूर. शाळा सुटलेल्या त्या मुलांना ऊस चघळावयास मिळतो. चॉकलेटच्या बंगल्याचे गाणे मिळतेच असे नाही. साखरेच्या उत्पादनाने गोडाचे वाटप आपोआप झाले नाही, तसेच छपाईच्या प्रसाराने बालवाङ्मयाचेही झाले नाही.

६

या सर्वांवरून पुस्तकातील पक्वान्न करून पाहण्याची कृती दोषास्पद ठरते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. उलट ती कृती गांभीर्याने केली तर बालवाङ्मयाच्या वाचनात राहून गेलेले बरेच काही ती उघड करते. श्रीखंडाच्या वड्यांचा पाक बिघडला की साने गुरुजींच्या पानावरील आईच्या हातामागे किती वर्षांची साधना होती, ते कळते. केवळ भावनेने वाचणाऱ्याला ती दिसत नाही. शिकरण केली की त्या गाण्यातील सुगरणपणाचा मुलाने लावलेला अर्थ कळतो. बंगल्याच्या भिंती घरी भाजल्या की मूळ गाण्यात भट्टी का नव्हती, हे विचारावेसे वाटते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरात न मिळता समाजाच्या इतिहासात मिळते. टीकाकार संहितेबाहेर जाऊन जे शोधतो, ते करून पाहणाऱ्याला संहितेशी इमान राखूनच सापडते.

मात्र त्यासाठी प्रमाण या शब्दाचे तिन्ही अर्थ एकत्र धरावे लागतात. निव्वळ माप धरले तर पदार्थ जमतो आणि वाचन हरवते. निव्वळ मान्यतेचा निकष धरला तर श्रीखंड, गुलाबजाम आणि केक हेच बालपणाचे गोड ठरतात. घारगे, काकवी आणि गूळ-भाकरी हे बोलीप्रमाणे समासात राहतात. प्रमाणभाषेच्या वादात जे घडले, तेच प्रमाणपक्वान्नाच्या बाबतीतही घडले आहे, आणि त्याची चर्चा मात्र झालेली नाही. निव्वळ पुरावा धरला तर प्रत्येक गोड पदार्थ उपाशी पोटाविरुद्धचा गुन्हा वाटू लागतो, आणि ज्या मुलाला कधी नव्हे तो मिळाला त्याचा आनंदही नाकारला जातो. अण्णाभाऊंनी आणि बेबीताईंनी आनंद नाकारलेला नाही. त्यांनी तो कोणाच्या वाट्याला आला, एवढेच विचारले आहे.

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना कोणती पुस्तके निघाली, किती आवृत्त्या झाल्या, कोणते संस्कार दिले गेले, याची मोजदाद होत आली आहे. त्या पुस्तकांनी घरात काय शिजवले, काय भाजले, आणि कोणत्या घरात काहीच शिजू शकले नाही, याचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवावा लागेल. तसे केले तर कुंडल आणि वाटेगाव, किर्लोस्करवाडी आणि फलटण, पाचगणी आणि ऊसाचा फड ही नावे वेगवेगळ्या प्रकरणांत पडणार नाहीत. सातारा-सांगलीच्या भूमीत ती मुळात एकमेकांना लागूनच आहेत.